लिनक्स टाकताय? आधी डिस्कची वाटणी ठरवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. सुरक्षेचे अपडेट पुढेही हवे असतील तर मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवा, नाहीतर विंडोज ११ वर जा, असा एकूण मामला. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर, मोजके अपवाद सोडता, तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले, अजून ठणठणीत चालणारे कितीतरी लॅपटॉप नियमात बसत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, 'लिनक्स मिंट टाक, फुकट आहे आणि पळतं पण छान.' (लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, मिंट तिचा एक प्रकार.) पेन ड्राइव्ह तयार होतो, भाषा निवडून होते, कीबोर्ड निवडून होतो, वाय-फाय जोडलं जातं. आणि त्यानंतरच्या पडद्यावर गाडी अडते: डिस्कचं काय करायचं?

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये इथे साधारण तीन वाटा दिसतात. 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून लिनक्स, 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे विंडोजच्या शेजारी लिनक्स, आणि 'समथिंग एल्स' म्हणजे तुमचं तुम्ही बघा. पहिलीची भीती वाटते, दुसरीवर भरवसा बसत नाही आणि तिसरी उघडली की समोर येतो एक अगम्य तक्ता. यूट्यूबवर पाहावं तर एक जण पाच पार्टिशन करायला सांगतो, दुसरा म्हणतो एकच पुरे, तिसरा स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट ठेवा म्हणून बजावतो. गंमत म्हणजे हे सगळे सल्ले कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या मशीनसाठी बरोबर होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या लॅपटॉपवर जितकी कमी पार्टिशनं तितकं बरं. कुठल्या भागाला किती जीबी द्यायचे हा प्रश्न नंतरचा. आधी एवढंच ठरवायचं, की उद्या सिस्टिम पुसून नव्याने टाकावी लागली तर काय जागेवर राहायला हवं.

पार्टिशन म्हणजे नेमकं काय?

शेत एकच असलं तरी कुठला गट कुणाच्या नावावर आणि त्यात पीक कोणतं, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. डिस्कचंही तसंच आहे. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटी नोंदवही असते, तिला पार्टिशन टेबल म्हणतात. अमुक सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा अगदी छोटा तुकडा) तमुक सेक्टरपर्यंत पहिला भाग, तिथून पुढे दुसरा, एवढंच तिच्यात असतं. भागाच्या आत फाइली कशा रचायच्या ही पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम: विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची बहुतेक वेळा ईएक्सटी४, पेन ड्राइव्हवर फॅट३२ किंवा एक्सफॅट. पार्टिशन टेबल म्हणजे वरचा सात, फाइल सिस्टिम म्हणजे खालचा बारा.

नोंदीवरून भाग पुसला गेला तरी जमिनीवरचं पीक लगेच जात नाही. म्हणूनच चुकून उडालेलं पार्टिशन टेस्टडिस्कसारख्या फुकट साधनाने पुष्कळदा परत आणता येतं. पण त्याच जागेवर फॉरमॅट मारलं की नांगर फिरला. एसएसडीवर तर ईएक्सटी४ चं फॉरमॅट करताना 'हा भाग आता रिकामा समज' असं डिस्कलाच कळवलं जातं, त्यामुळे मागाहून शोधाशोध करून सहसा काही हाती लागत नाही.

आपल्याकडे आणखी एक सवय घट्ट बसलेली आहे. कॉम्प्युटर असेंबल करून देणारा दुकानदार न विचारता सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह करून द्यायचा. सीवर विंडोज, डीवर काम, ईवर सिनेमे. लिनक्समध्ये ही अक्षरं शोधू नका, तिथे ती नसतातच. तिथे सगळं एकाच झाडाला लटकलेलं असतं. झाडाचं मूळ म्हणजे रूट, आणि ते नुसत्या तिरप्या रेघेने (/) दाखवतात. कुठलंही पार्टिशन या झाडाच्या एखाद्या फोल्डरला जोडायचं, त्या जागेला माउंट पॉइंट म्हणतात. तुमची कागदपत्रं, फोटो, ब्राउझरचे पासवर्ड हे सगळं '/होम' या फोल्डरात राहतं. त्या फोल्डराला स्वतंत्र पार्टिशन जोडलं काय किंवा नाही जोडलं काय, वापरताना तुम्हाला फरक जाणवत नाही.

जुनी नोंदवही आणि नवी नोंदवही

पार्टिशन टेबलचे दोन प्रकार आहेत. जुना एमबीआर १९८३ सालचा. त्यात मुख्य पार्टिशनं चारच करता येतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरने मोजलं तर सुमारे दोन टीबीच्या पुढची जागा दिसत नाही. नवा जीपीटी, त्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून विकलेल्या बहुतेक लॅपटॉपवर जीपीटी आणि त्याच्या जोडीला यूईएफआय ही मशीन सुरू (बूट) करायची नवी पद्धत असते.

विंडोज ७ च्या काळातला लॅपटॉप असेल तर मात्र सावध राहा. कंपनीने चारही मुख्य पार्टिशनं आधीच वापरून टाकलेली असू शकतात. मग तुम्ही कष्टाने मोकळी केलेली जागा मिंटचा इन्स्टॉलर 'अनयूजेबल' म्हणून दाखवतो आणि माणूस चक्रावतो. जागा असते, पण पाचव्या नोंदीला रकाना नसतो. अशा वेळी विंडोज 'डायनॅमिक डिस्क करू का?' असं विचारेल. नाही म्हणा, लिनक्सच्या इन्स्टॉलरला ते झेपत नाही. चारांपैकी एखादं नको असलेलं पार्टिशन, त्यातला डेटा दुसरीकडे हलवून, काढून टाकणं हाच सरळ मार्ग.

आणखी एक काळजी घ्या. विंडोज यूईएफआयने सुरू होत असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआयनेच सुरू करा. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडायचा. एक या पद्धतीने आणि दुसरं त्या पद्धतीने टाकलं की दोन्ही जिवंत राहतात खरी, पण सुरू होताना कोणती निवडायची हा मेन्यू येतच नाही.

तो तक्ता वाचायचा कसा?

५१२ जीबीची एसएसडी आणि विंडोज १० असलेला साधा लॅपटॉप घेऊ. 'समथिंग एल्स' उघडल्यावर सगळ्यात वर 'एनव्हीएमई०एन१' असं काहीतरी दिसेल. ती अख्खी डिस्क. (जुन्या साटा डिस्कचं नाव 'एसडीए' असतं.) तिच्याखाली पी१, पी२ अशा ओळी.

पी१ साधारण १०४ एमबीचा, प्रकार ईएफआय. हा सगळ्यात छोट्यांपैकी एक आणि सगळ्यात नाजूक. मशीन चालू झाल्यावर यूईएफआय पहिल्यांदा इथेच येऊन बघतं की कोणाला उठवायचं. विंडोजचा बूटलोडर (सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) इथल्याच एका फोल्डरात असतो आणि लिनक्सचाही शेजारच्या फोल्डरात येऊन बसतो, भांडण होत नाही. याच्यापुढच्या 'फॉरमॅट?' रकान्यात टिक करायची नाही. केली तर विंडोजच्या फाइली जशाच्या तशा राहतील, पण विंडोज उठणार नाही. मिंट आणि उबंटूला एवढी जागा पुरते. पॉप ओएससारख्या ज्या सिस्टिम कर्नलसुद्धा (लिनक्सचा गाभा) याच भागात ठेवतात, त्यांना शंभर एमबी पुरत नाही, त्यांच्यासाठी वेगळा मोठा ईएफआय भाग करावा लागतो.

पी२ जेमतेम १६ एमबीचा, प्रकाराच्या रकान्यात काहीच नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा. तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पी३ सगळ्यात मोठा, एनटीएफएस: हाच तुमचा सी ड्राइव्ह. शेवटी पी४, काहीशे एमबीचा, विंडोज दुरुस्तीसाठीचा. सी ड्राइव्ह आधीच आकसून घेतला असेल तर पी३ आणि पी४ च्या मध्ये 'फ्री स्पेस' अशी ओळ दिसेल. तुमचं लिनक्स फक्त त्या ओळीत जायचं.

आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून ५१२ ची डिस्क विंडोजला ४७६ दिसते. विंडोजमध्ये तुम्ही १०० जीबी मोकळे करायला १०२४०० एमबी लिहिले असतील, तर मिंटमध्ये तीच जागा १०७३७४ एमबी म्हणून येईल. जागा तीच, फक्त मोजमापाची पट्टी वेगळी.

विंडोज ठेवायचं की काढायचं?

हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. आणि उत्तर तुमच्या कामावर आहे, लिनक्सवरच्या प्रेमावर नाही. टॅली चालवत असाल, किंवा छपाईच्या कामात श्रीलिपीचे फाँट आणि पेजमेकरच्या जुन्या फाइली असतील, तर विंडोज राहू द्या. नुसतं ब्राउझर, ईमेल, यूट्यूब आणि अधूनमधून एखादं पत्र टाइप करणं एवढंच असेल तर 'इरेज डिस्क' दाबा आणि पार्टिशनचा विचार सोडून द्या. अर्थात डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यानंतर. १२८ जीबीच्या एसएसडीवर दोन्ही कोंबण्याच्या फंदात पडू नका, दोन्ही सिस्टिमना गुदमरायला होतं.

दोन्ही ठेवायचं ठरलं तर खरं काम लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये नाही, त्याआधी विंडोजमध्येच आहे. सी ड्राइव्ह आकसायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, 'श्रिंक व्हॉल्यूम' वापरून. आपल्या फाइली कुठे बसल्यात ते विंडोजला जास्त चांगलं माहीत असतं. कधीकधी दोनशे जीबी रिकामे असूनही ते वीसच द्यायला तयार होतं, कारण मध्येच कुठेतरी हायबरनेशनची (मशीन बंद करताना रॅममधला माल ठेवायची) किंवा पेजिंगची (विंडोजच्या स्वॅपची) न हलणारी फाइल ठाण मांडून बसलेली असते. त्या दोन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून मशीन रीस्टार्ट केलं की बहुधा जास्त जागा मिळते.

त्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करायची विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. कित्येकांना ते चालू आहे हेच माहीत नसतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच बंद लॅपटॉपमध्ये असून उपयोग नसतो. 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्स तो सी ड्राइव्ह फक्त वाचायला उघडतं, लिहू देत नाही.

आणि हो, लाइटचं बघा. पार्टिशन आकसताना फाइली एका जागेवरून दुसरीकडे हलत असतात. ज्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आहे आणि जो फक्त चार्जरवर चालतो, त्याच्यावर हे काम भारनियमनाच्या वेळेला सुरू करू नये. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर घ्या.

वेगळं होम पार्टिशन हवं का?

सगळ्यात जास्त वाद इथे होतो. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे: होम वेगळं असलं की रूट पुसून नवीन सिस्टिम टाकता येते आणि फोटो-कागदपत्रांना धक्का लागत नाही. इन्स्टॉलरमध्ये जुन्या होम पार्टिशनला '/होम' हा माउंट पॉइंट द्यायचा, फॉरमॅटची टिक रिकामी ठेवायची आणि पहिल्यासारखंच युजरनेम घ्यायचं. झालं.

पण याची किंमत आहे, आणि ती पुष्कळ जण सांगत नाहीत. रूटला ३० जीबी दिले आणि बाकी सगळं होमला. सुरुवातीला रूटवर दहा-बारा जीबीच भरतात, ऐसपैस वाटतं. मग फ्लॅटपॅक या ॲप टाकायच्या पद्धतीतून चार-पाच ॲप येतात, ती आपापली लायब्ररी घेऊन येतात. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट (मागे फिरता यावं म्हणून ठेवलेल्या प्रती) काढायला लागतं, तेही बहुधा रूटवरच. कुणी डॉकर हे प्रोग्रॅमरांचं साधन शिकायला घेतं. हे सगळं '/व्हार' या फोल्डरात नाहीतर त्याच्या आसपास, म्हणजे रूटवर साठतं. एक दिवस अपडेट अडतं, 'जागा नाही' असा संदेश येतो, आणि शेजारी होममध्ये दोनशे जीबी मोकळे पडलेले असतात. मोकळी जागा असून ती वापरता न येणं हे घरच्या मशीनवर फार वेळा घडतं.

म्हणून माझा हिशोब असा. लिनक्ससाठी मिळालेली जागा शंभर जीबीच्या आत असेल तर सगळी रूटला द्या, होम वेगळं नको. मिंट स्वतः किमान २० जीबी मागतं आणि आरामात वापरायला १०० सुचवतं, ते बरोबरच आहे. जागा दोनशेच्या पुढे असेल आणि तुम्हाला दर वर्षी नवीन डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) चाखून बघायची हौस असेल, तर होम वेगळं करा, पण रूटला ६० ते ८० जीबी देऊन. हौस नसेल तर मोठ्या डिस्कवरही एकच पार्टिशन पुरतं. डिस्ट्रो बदलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की होममध्ये फोटोंसोबत लपलेल्या सेटिंगच्या फाइलीही असतात. एका डेस्कटॉपच्या सेटिंग दुसऱ्याच्या गळ्यात पडल्या की पॅनेल गायब होणं, थीम विचित्र दिसणं असले प्रकार होतात.

'पण मग डाउनलोडने रूट भरलं तर?' हा प्रश्न रास्त आहे. एकाच पार्टिशनमध्ये होम असेल आणि ते काठोकाठ भरलं, तर लॉगिन करायला गेल्यावर पुन्हा लॉगिनचाच पडदा येत राहतो. ईएक्सटी४ मुळात पाच टक्के जागा सिस्टिमसाठी राखून ठेवतं, त्यामुळे मशीन अगदी मरत नाही, आत शिरून सफाई करता येते. सर्व्हरवर जिथे लॉगच्या फाइली रात्रीत फुगू शकतात, तिथे '/व्हार' वेगळं ठेवणं शहाणपणाचं. घरी त्याची गरज नाही.

ओपनसुसे आणि २०२० च्या फेडोरा ३३ पासून फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्या ईएक्सटी४ ऐवजी बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम घेतात. तिच्यात रूट आणि होम वेगवेगळे असूनही मोकळी जागा दोघांना सामाईक असते. म्हणजे वरचा वादच संपतो. फेडोरा टाकणार असाल तर इन्स्टॉलरने सुचवलेलं तसंच राहू द्या, हाताने बदलायला जाऊ नका.

स्वॅप रॅमच्या दुप्पट?

रॅम भरली की सिस्टिम थोडा माल डिस्कवर उतरवून ठेवते, ती जागा म्हणजे स्वॅप. 'दुप्पट'चा नियम रॅम एमबीत मोजायच्या दिवसांतला. आज ८ जीबी रॅमला १६ जीबी स्वॅप म्हणजे निव्वळ वाया. उबंटूने २०१७ च्या १७.०४ आवृत्तीपासून स्वॅपचं वेगळं पार्टिशन करणंच सोडलं, रूटवर एक फाइल ठेवली की काम भागतं, आणि ती फाइल नंतर लहानमोठी करता येते. मिंटही तेच करतं. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपतो त्याला स्वॅप लागत नाही. पूर्ण बंद करून नंतर तिथूनच पुढे सुरू करायचं हायबरनेशन हवं असेल तरच किमान रॅमइतकं स्वॅप पार्टिशन करा.

आणखी काही शंका

छोटी एसएसडी आणि मोठी जुनी हार्ड डिस्क अशी जोडी असेल तर? रूट आणि होम दोन्ही एसएसडीवर ठेवा. होम हार्ड डिस्कवर टाकायचा मोह होतो, पण ब्राउझर आपला सगळा पसारा होममध्येच ठेवतो आणि मग एसएसडी असूनही मशीन रडतखडत चालतं. हार्ड डिस्क स्वतंत्र फोल्डर म्हणून जोडा, सिनेमे-फोटो तिथे. विंडोजलाही ती वाचायची असेल तर एनटीएफएसच राहू द्या, कारण ईएक्सटी४ विंडोजला सरळ वाचता येत नाही. मात्र होम कधीही एनटीएफएसवर नको. फाइलींच्या परवानग्यांचा घोळ होतो.

'/बूट' वेगळं? संपूर्ण डिस्क पासवर्डने कुलूपबंद करणार असाल तर इन्स्टॉलर ते स्वतःच करतो. हाताने करायची वेळ आलीच तर एक जीबी द्या. तीनशे एमबीचं बूट दोन-तीन कर्नलमध्ये भरतं.

डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, ही समजूत लिनक्सच्या होम पार्टिशनसोबतही चालत येते. डिस्क एकच आहे. ती गेली की तिच्यावरचे सगळे भाग एकदम जातात. बॅकअप म्हणजे दुसरी डिस्क, आणि तीही बाहेरची.

आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर काही इंटेल लॅपटॉपवर बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) स्टोरेज आरएसटी किंवा रेड (RAID) मोडवर असतं, ते एएचसीआयवर आणावं लागतं. विंडोज ठेवायचं असेल तर हे थेट बदलू नका. विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला तयार करून मगच बदला, नाहीतर निळा पडदा ठरलेला.

नंतर बदलता येईल का?

येतं, पण दोन्ही बाजूंना सारखं सोपं नाही. पार्टिशनच्या उजवीकडे मोकळी जागा असेल तर ते मिनिटाभरात वाढतं. डावीकडची जागा त्यात घ्यायची तर आतला सगळा डेटा मागे सरकवावा लागतो. मोठ्या हार्ड डिस्कवर ते तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ जीव टांगणीला. आकसायचं असेल तर ईएक्सटी४ पेन ड्राइव्हवरून सुरू करूनच आकसता येतं, चालू असताना नाही.

म्हणून होम वेगळं करणारच असाल तर रूट आणि होमच्या मध्ये वीस-तीस जीबी कुणालाच न देता सोडा. इन्स्टॉलरमध्ये विद्यमान पार्टिशन लहान करायला गेलात तर तो बदल तेव्हाच डिस्कवर लिहिला जातो. बाकीची जुळवाजुळव 'इन्स्टॉल नाऊ' दाबेपर्यंत कागदावरच असते. दाबल्यावर कोणकोणती पार्टिशनं फॉरमॅट होणार याची एक यादी येते. ती वाचा. त्यात पी१ किंवा पी३ दिसलं तर 'गो बॅक'.